कोडे-प्लॅटफॉर्मर खेळांतील अवघडपणा आणि हिंट

बाजूने दिसणारे सपाट जग, त्यात पळणारे-उड्या मारणारे एक पात्र आणि पुढची वाट उघडण्यासाठी पायांपेक्षा डोके जास्त चालवायला लावणाऱ्या खोल्या, एवढ्या सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या व्हिडिओ गेम्सना कोडे-प्लॅटफॉर्मर म्हणतात. प्रकार जुना आहे. डग्लस स्मिथचा ‘लोड रनर’ १९८३ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने बाजारात आणला. त्यातल्या पात्राला उडीसुद्धा मारता येत नाही. पायाजवळच्या विटा तेवढ्या खणता येतात, आणि त्या एका कृतीवर १५० लेव्हल रचलेल्या आहेत. टेक्मोचा ‘सॉलोमन्स की’ (१९८६), नव्वदीच्या सुरुवातीचा ‘द लॉस्ट व्हायकिंग्ज’ असे टप्पे घेत हा प्रकार २००८ मध्ये जोनाथन ब्लोच्या ‘ब्रेड’पर्यंत आला. एक-दोन माणसांनी मिळून करण्याजोगा खेळ अशी ओळख त्याला खऱ्या अर्थाने तेव्हापासून मिळाली. लुडम डेअरसारख्या ४८ तासांच्या स्पर्धांत आज असे खेळ ढिगाने तयार होतात.

छोट्या खेळात अवघडपणाचा प्रश्न जास्त टोचतो, याला साधे कारण आहे. मोठ्या खेळात एक कोडे अडले तर खेळाडू दुसरीकडे लढाई करतो, गाव हिंडतो, गोष्ट पुढे नेतो. तीस-चाळीस खोल्यांच्या खेळात एक खोली अडली की बहुतेकांच्या लेखी खेळ तिथेच संपतो. शिवाय खेळणारे सगळे सारखे नसतात. एकाला जे कोडे पाच सेकंदांत दिसते तेच दुसऱ्याला अर्धा तास दिसत नाही. लढाईच्या खेळात शत्रूची ताकद कमी करून खेळ सोपा करता येतो, कारण तिथला अवघडपणा आकड्यांत असतो. कोड्याला असा आकडा नसतो. ते कळते किंवा कळत नाही. म्हणूनच खेळाडूची कामगिरी पाहून अवघडपणा आपोआप कमी-जास्त करण्याचे तंत्र या प्रकारात फारसे चालत नाही, आणि सगळा भार हिंटवर येऊन पडतो. तो भार खरे तर आधी लेव्हलने उचलायला हवा. हिंटची मागणी ही बहुतेक वेळा लेव्हलबद्दलची तक्रारच असते.

या खेळांत अवघडपणा दोन जातींचा असतो, हाताचा आणि डोक्याचा. ‘कळले आहे पण जमत नाही’ आणि ‘जमेल, पण करायचे काय ते कळत नाही’ या दोन अवस्थांवर एकच औषध चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे अनेकदा खेळाडूलाच ठाऊक नसते. उत्तर बरोबर सुचलेले असते, पण त्यातली उडी फार काटेकोर मापाची असते. एकदा पाय घसरतो, दोनदा घसरतो, आणि ‘हा मार्ग चुकीचा दिसतो’ असे समजून खेळाडू बरोबर विचार टाकून देतो. मग तो तासभर चुकीच्या दिशेने हिंडतो. कोडे-प्लॅटफॉर्मरमधला हा सर्वांत महागात पडणारा दोष आहे, आणि कितीही चांगली हिंट तो झाकू शकत नाही.

त्यामुळे कोड्याचा अवघडपणा ठेवायचा असेल तर हाताचा अवघडपणा आधी उतरवावा लागतो. ‘ब्रेड’मध्ये वेळ हवा तितका मागे नेता येतो, त्यामुळे चुकलेली उडी फुकट जात नाही. टेरी कॅव्हानाच्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’मध्ये (२०१०) उडी नाहीच, फक्त गुरुत्वाकर्षण उलटे करता येते, खेळ कठीण आहे, पण चेकपॉइंट इतके जवळजवळ आहेत की मेल्यावर पात्र क्षणात पुन्हा उभे राहते. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा मुख्यतः हाताचा खेळ. त्याच्या कर्त्यांनी, मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी, खेळाडूला न दिसणाऱ्या कितीतरी सवलती त्यात पेरल्या आहेत. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाचा सुमारे दहावा भाग उडीचे बटण चालते. जमिनीला पाय टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली उडी लक्षात ठेवली जाते. डोके एखाद्या कोपऱ्याला निसटते लागले तर पात्र हळूच बाजूला सरकवले जाते. खेळाडूला वाटते आपला हात बसला. या सवलतींचा कोड्याशी काही संबंध दिसत नाही, पण चांगल्या हिंटपेक्षा त्या जास्त काम करतात.

डेन्मार्कच्या प्लेडेड स्टुडिओचा ‘लिंबो’ (२०१०) याच्या उलट टोकाला आहे. त्यात सापळा पहिल्यांदा दिसतो तोच मुळी पात्राचा जीव घेऊन. मरण हीच हिंट, आणि पुनर्जन्म त्याच कोड्याच्या उंबरठ्यावर. ही रीत चालते, कारण मरणाची किंमत दोन-चार सेकंदांहून जास्त नाही. चेकपॉइंट दोन मिनिटे मागे असता तर तीच रीत अन्यायाची वाटली असती.

डोक्याच्या अवघडपणातही पोटभेद आहेत. खेळाडू अडकतो तेव्हा बहुधा चारांपैकी एक गोष्ट झालेली असते. त्याला नियमच माहीत नसतो: पेटी ढकलता येते तशी ओढताही येते, हे त्याला कधी कळलेलेच नसते. किंवा नियम माहीत असतो, पण वस्तू नजरेला पडलेली नसते. छताला चिकटलेली कळ, पार्श्वभूमीत मिसळून गेलेली शिडी. किंवा सगळे दिसते आहे, नियमही ठाऊक आहेत, पण ते जोडणारी कल्पना सुचलेली नाही. किंवा कल्पनाही सुचली आहे, आणि पायऱ्यांचा क्रम मात्र डोक्यात धरता येत नाही. यांपैकी तिसरे अडकणे तेवढे कोड्याचे हक्काचे. ते सुटले की जो आनंद होतो त्यासाठीच हा खेळ खेळला जातो. पहिली दोन अडकणी म्हणजे शिकवण्यातल्या आणि चित्रातल्या चुका. चौथे काही प्रमाणात चालते, पण त्याचा अतिरेक झाला की कोडे न राहता हिशेबनिशी होते. तिसऱ्या प्रकारासाठी लिहिलेली हिंट पहिल्या दोन प्रकारांत अडकलेल्याला वाचायला मिळाली, तर तिचा उपयोग शून्य आणि चीड दुप्पट.

नियम शिकवणे हे लेव्हलचे काम आहे, पाटीचे नाही. याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचे कुठे हे सांगावे लागत नाही. समोरून एकच शत्रू चालत येतो. वर प्रश्नचिन्हाच्या विटा चमकतात. त्यांतली एक फोडली की अळंबी बाहेर पडते, उजवीकडे घरंगळते, पाइपवर आपटून परत मारिओकडेच येते. वर विटांचे छत असल्याने घाबरून उडी मारली तरी ती अंगावर येण्याची शक्यता मोठी, आणि मग कळते की ही वस्तू मारत नाही, मोठे करते. खेळाचे कर्ते शिगेरू मियामोतो यांनी ही मांडणी जाणूनबुजून केल्याचे पुढे मुलाखतीत सांगितले आहे. निन्टेन्डोतले त्यांचे सहकारी कोइची हायाशिदा चार पावलांची रीत सांगतात: नवी गोष्ट निर्धोक जागी दाखवायची, मग ती थोडी वाढवायची, मग तिला अनपेक्षित वळण द्यायचे, आणि शेवटी खेळाडूला तिच्यावर बसलेला हात दाखवू द्यायचा. छोट्या खेळाला ही रीत फार सोयीची, कारण एका कल्पनेतून चार खोल्या निघतात आणि चारही खोल्या काहीतरी शिकवतात.

लेखी सूचनांचा उपयोग किती, यावर वॉशिंग्टन विद्यापीठातील एरिक अँडरसन आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्यांनी ४५,००० हून अधिक खेळाडूंवर तीन खेळांत वेगवेगळ्या प्रकारची ट्यूटोरियल तपासून पाहिली. ‘फोल्डइट’ या गुंतागुंतीच्या खेळात ट्यूटोरियलमुळे खेळण्याचा वेळ २९ टक्क्यांपर्यंत वाढला. उरलेल्या दोन सोप्या खेळांत मात्र ट्यूटोरियल असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. त्या दोनांपैकी ‘हॅलो वर्ल्ड्स’ हा कोडे-प्लॅटफॉर्मरच होता. बाण, उडी आणि ढकलणे एवढ्याच कृती असलेल्या खेळात लोक करून पाहूनच शिकतात. तेव्हा पहिल्या तीन खोल्यांत मजकुराच्या पाट्या लावण्यात घालवलेला वेळ त्या खोल्यांची मांडणी सुधारण्यात घालवलेला बरा.

मांडणीतल्या लहानशा फरकाने अवघडपणा कसा हलतो हे एका खोलीवर नीट दिसते. जमिनीत एक चौकोनभर रुंदीची कळ आहे. तिच्यावर वजन असेपर्यंत दार उघडे राहते. दार पातळ आहे आणि कळीच्या उजव्या कडेला लागूनच आहे. एक चौकोनी पेटी आहे, ती फक्त ढकलता येते. दारापलीकडे दोन चौकोन उंचीचा कठडा आहे. पात्राची उडी एकच चौकोन उंच. म्हणजे पेटी कळीवरही हवी आणि कठड्यापाशी पायरी म्हणूनही हवी. पेटी एकच. उत्तर असे की पेटी ढकलतच राहायचे: ती दारातून पलीकडे जाते त्या क्षणी पात्र स्वतः कळीवर उभे असते आणि दार त्याच्या वजनाने उघडे राहते. पात्र कळीवरून उतरते तेव्हा तेही दारापलीकडे पोचलेले असते.

या खोलीचा पहिला आराखडा कोणीही करील असा: पेटी डावीकडे, कळ मध्ये, दार उजवीकडे. त्यात मोठी खोट आहे. एखादा खेळाडू पेटी हाती लागताच उजवीकडे ढकलत सुटतो आणि कोडे आहे हे कळण्याच्या आत कोडे सोडवून बसतो. त्याला आनंद होत नाही, आणि ‘आपले वजन हेही वजनच’ हा धडाही मिळत नाही. पुढच्या खोलीत तोच धडा गृहीत धरलेला असतो, तिथे तो अडकतो. म्हणून पेटी सुरुवातीलाच कळीवर ठेवावी. दार उघडेच असते, खेळाडू पेटीवरून उडी मारून सहज पलीकडे जातो, कठडा पाहतो, परत येतो, आणि पेटीसमोर थबकतो: ही हलवली तर दार पडणार. खोलीतली एकच वस्तू हलवली आणि कोडे दिसू लागले. त्याआधीच्या खोलीत पात्राला जाता जाता एका कळीवरून चालवले, खट्ट असा आवाज आला, वरचे दार जरासे उचलून पुन्हा पडले, तर हिंटही देऊन झाली. उलट कळ आणि दार यांच्यात एकाच चौकोनाचे अंतर वाढवले तर खोली सुटतच नाही, कारण पात्र दारापर्यंत पोचण्याआधीच कळीवरून उतरलेले असते. एका चौकोनाने सोपे, अवघड आणि अशक्य यांच्यातली भिंत ओलांडली जाते. खोलीत दुसरी पेटी टाकली तर कोडेच उरत नाही. आणि दुसरी पेटी अशा ठिकाणी दिसेल पण मिळणार नाही अशी ठेवली, तर खेळाडू तिच्यामागे वेळ घालवतो. असे आमिष एखाद्या खोलीत शोभते. खोलीमागून खोलीत लावले तर खेळाडूचा डिझायनरवरचा विश्वास उडतो.

पेटी चुकीच्या कोपऱ्यात गेली आणि खोली आता सुटणारच नाही, ही अवस्था १९८२ च्या ‘सोकोबान’पासून चालत आली आहे. कोडे मेलेले असते आणि खेळाडू अजून विचार करत असतो. अशा जागी हिंट देणे म्हणजे तर क्रूर थट्टा. एक पाऊल मागे घेण्याचे बटण आणि खोली नव्याने सुरू करण्याचे बटण, दोन्ही पहिल्या खोलीपासून हाताशी असावीत. शक्य तिथे खोलीच अशी रचावी की पेटी मरणाच्या कोपऱ्यात जाऊच शकणार नाही. उड्यांच्या खेळात पाऊल मागे घेणे प्रोग्रामिंगला जरा जड जाते, कारण सगळे काही चौकोनांत मोजून चालत नाही. निदान पुन्हा सुरू करणे तरी तत्काळ व्हावे.

खोल्यांचा क्रम हा पुढचा प्रश्न. अवघडपणा सतत चढता ठेवावा असे पुस्तकी उत्तर आहे. प्रत्यक्षात चांगले खेळ करवतीच्या दात्यांसारखे चढतात-उतरतात: कठीण खोलीनंतर एक हलकी, त्यात नवी कल्पना, मग पुन्हा चढण. मात्र क्रमापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाटे. ‘ब्रेड’मध्ये कोड्याचा तुकडा न उचलताही दारातून पुढे जाता येते, सगळे तुकडे लागतात ते अखेरच्या जगासाठी. ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’चा नकाशा मोकळा आहे, आणि त्यातली सर्वांत छळवादी जागा, ‘वेनी, विडी, विची’, ही एका ऐच्छिक बक्षिसासाठी आहे. ती न करताही खेळ पुरा होतो. आर्वी तेइकारी या फिनलंडच्या डिझायनरचा ‘बाबा इज यू’ (२०१९) प्लॅटफॉर्मर नव्हे, पण त्याचा नकाशा शिकण्यासारखा आहे: एका भागातल्या काही लेव्हल सोडवल्या की पुढचा भाग उघडतो, सगळ्या सोडवाव्या लागत नाहीत. एका वेळी तीन-चार खोल्या उघड्या असणे ही सगळ्यांत स्वस्त हिंट-व्यवस्था आहे. लिहावी लागत नाही, भाषांतर करावी लागत नाही, आणि घेणाऱ्याला आपण मदत घेतली असे वाटतही नाही. एका खोलीतून उठून दुसरीत गेलेला माणूस परत येतो तेव्हा पहिली खोली अनेकदा आपसूक सुटते.

एवढे सगळे करूनही कुणीतरी अडकतेच, आणि तिथे खरी हिंट लागते. तिचा इतिहास व्हिडिओ खेळांइतकाच रंजक आहे. ऐंशीच्या दशकात इन्फोकॉम कंपनीच्या मजकुरी साहसखेळांसाठी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका मिळत. त्यांत प्रश्न छापलेले असत, पण उत्तरे अदृश्य शाईत. सोबतच्या खास पेनाने घासले की ओळ उमटे. प्रत्येक प्रश्नाखाली आधी सौम्य इशारा, मग जरा स्पष्ट, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण उत्तर. मध्ये काही खोटे प्रश्नही असत, म्हणजे नुसते प्रश्न वाचून खेळातली गुपिते फुटू नयेत. पायरीपायरीने उलगडणारी हिंट ही कल्पना इथे जवळजवळ पूर्ण रूपात सापडते. पुढे फक्त तिची किंमत कशात घ्यायची याचे प्रयोग झाले. ‘प्रोफेसर लेटन’मध्ये (२००७) शोधून मिळवलेली नाणी मोजून हिंट विकत घ्यावी लागते. झेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइनच्या ‘मशिनेरियम’मध्ये (२००९) छोटा इशारा सहज मिळतो, पण चित्रमय उत्तरवही उघडण्यासाठी मध्येच एक कंटाळवाणा नेमबाजीचा खेळ खेळावा लागतो. तो मुद्दाम कंटाळवाणा असावा, इतका तो नेमका बसतो: अगदीच अडलेला तो खेळतो, आळशी खेळत नाही.

निन्टेन्डोने हाताच्या अडकण्यावर वेगळा उपाय काढला. ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये (२००९) एकाच टप्प्यात आठ वेळा जीव गेला की हिरवी वीट दिसू लागते. ती फोडली तर मारिओचा भाऊ लुइजी तो टप्पा स्वतः खेळून दाखवतो, आणि खेळाडू मधेच कधीही सूत्रे हाती घेऊ शकतो. ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’मध्ये (२०११) पाच अपयशांनंतर अभेद्य करणारे पान मिळते. दोन्हींत मदत पुढे केली जाते, गळ्यात मारली जात नाही. हाच उपाय कोड्याला मात्र लागू पडत नाही. लुइजीने उडी मारून दाखवली तरी ती मारायची उरतेच. कोडे सोडवून दाखवले की उरत काहीच नाही.

कोड्याच्या हिंटची पायरी म्हणूनच बारीक हवी. वरच्या पेटीच्या खोलीत पहिली हिंट नजरेची असू शकते: पात्र कळीवरून चालले की कळीपासून दारापर्यंतची तार उजळते. दुसरी विचाराची: ‘या खोलीत वजन कशाकशाला आहे?’ तिसरी उघड: ‘कळीवर पेटीच हवी असे नाही.’ चौथी, हवीच असेल तर, धूसर सावली पेटी ढकलताना दाखवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या हिंटमधले अंतर लिहिणाऱ्याला क्षुल्लक वाटते, पण सगळे कौशल्य तिथेच आहे. दुसरी हिंट वाचणारा कोडे स्वतः सोडवतो. तिसरी वाचणारा त्याला सांगितलेले करतो.

शिक्षणशास्त्रात यावर पुष्कळ काम झाले आहे. शिकणाऱ्याला आधार द्यायचा आणि तो जमेल तसा काढून घ्यायचा, ही कल्पना डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये मांडली. अडचण अशी की आधार कधी घ्यावा हे शिकणाऱ्याला नीट कळतेच असे नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात व्हिन्सेंट आलेव्हन आणि केनेथ कोडिंगर यांनी भूमिती शिकवणाऱ्या संगणक प्रणालीत पाहिले, की गरज असलेले विद्यार्थी हिंट मागत नाहीत आणि मागणारे अनेकजण मधल्या पायऱ्या न वाचता थेट शेवटच्या उत्तरापर्यंत बटण दाबत जातात. खेळातही हेच होते. दोन हिंटांमध्ये थोडा वेळ जाऊ देणे, किंवा पुढची पायरी उघडण्यापूर्वी खोलीत निदान एक नवा प्रयत्न व्हावा अशी अट घालणे, हा त्यावरचा साधा उपाय.

त्याहून धक्का देणारा निष्कर्ष २०१४ चा आहे. एलेनॉर ओ’रूर्क आणि सहकाऱ्यांनी ‘रिफ्रॅक्शन’ या अपूर्णांकांच्या कोडे-खेळात चार प्रकारच्या हिंट-व्यवस्था सुमारे ५०,००० मुलांवर तपासल्या, आणि चारही व्यवस्थांत मुलांची कामगिरी हिंट नसलेल्या मूळ खेळापेक्षा खालावली. एका शैक्षणिक खेळावरून सगळ्या खेळांबद्दल निवाडा करणे धाडसाचे होईल; पण ‘हिंट टाकली, काम झाले’ ही समजूत मोडायला हा अभ्यास पुरेसा आहे. हिंटचे बटण पडद्यावर दिसणे हाच एक संदेश असतो: हे कोडे तुला जमणार नाही असे आम्हाला वाटते. बटण कायम चमकत ठेवण्यापेक्षा ते थांबण्याच्या मेनूत शांतपणे असलेले बरे.

हिंट नकोच, अशीही एक परंपरा आहे. ‘ब्रेड’ प्रसिद्ध झाल्यावर ब्लो यांनी अधिकृत उत्तरमार्गदर्शिका म्हणून जे पान ठेवले त्याचा मथितार्थ एवढाच होता, की उत्तरे पाहू नका, कोडी स्वतः सोडवा, ती सुटण्यासारखी आहेत. फिल फिशच्या ‘फेझ’मधल्या (२०१२) काळ्या शिळेचे कोडे तर खेळाडूंनी एकत्र येऊन शक्य ती सगळी बटणे दाबून पाहत फोडले, तर्काने नव्हे, चिकाटीने. या भूमिकेत ताठा असला तरी तथ्यही आहे. पण तिचा हिशेब एका ठिकाणी चुकतो. खेळाबाहेर यूट्यूब आहे. खेळात अर्धी हिंट नसली तर खेळाडू हिंटशिवाय राहत नाही. तो बाहेर जाऊन संपूर्ण उत्तर पाहून येतो, आणि एकदा तिथे गेलेला माणूस पुढच्या खोलीत लवकर जातो. खेळातल्या बारीक हिंटचे खरे समर्थन हे आहे: ती मोठ्या हिंटपासून वाचवते.

फोनवरच्या फुकट कोडे-खेळांत हिंटला आणखी एक रोग जडला आहे. तिथे हिंट हवी तर जाहिरात पाहावी लागते. म्हणजे खेळाडू जितका अडेल तितके उत्पन्न. मग खोली नीट करण्यात कोणाला रस राहणार? नजरेला न पडणारी कळ तशीच ठेवणे फायद्याचे ठरते. ‘मशिनेरियम’ची किंमत आणि ही किंमत दिसायला सारख्या आहेत; एकीत डिझायनरला काही मिळत नाही, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक.

हिंटपलीकडची वाट म्हणजे खोली ओलांडू देणे. ‘टोकी टोरी’मध्ये खेळाडूकडे एक वाइल्डकार्ड असते, ते वापरून अडलेली लेव्हल सोडता येते, पण नंतर ती सोडवल्याशिवाय कार्ड परत मिळत नाही. ‘सेलेस्ट’चा असिस्ट मोड यात सर्वांत मोकळा: खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो, दम अमर्याद करता येतो, पात्र अभेद्य करता येते, आख्खा अध्यायही सोडता येतो. त्यासाठी ना शिक्षा आहे ना टोमणा. हाताला कंप असलेला, एकाच हाताने खेळणारा किंवा पन्नाशीत पहिल्यांदा कंट्रोलर धरणारा माणूस त्यामुळे खेळात येतो. छोट्या खेळाला एवढा पसारा परवडत नसेल, तरी वेग कमी करणे आणि खोली सोडणे या दोन सोयी जमतात. रंगांवरच कोडे उभे असेल तर रंगासोबत आकारही वेगळा ठेवणे हे त्याहून सोपे आणि त्याहून जास्त वेळा विसरले जाणारे.

हिंटच्या भाषेकडे तर लक्षच जात नाही. मराठीचा पर्याय देणारे खेळ विरळा, त्यामुळे मराठी घरातले आठ-दहा वर्षांचे पोर इंग्रजी हिंट समोर आली की ती वाचण्याआधी बंद करते. खुणांनी, आवाजाने, उजेडाने दिलेली हिंट त्याच्यापर्यंत पोचते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (२०२०) या साहसखेळात चक्रे फिरवून चित्र जुळवायची कोडी घातली. जुळते आहे की नाही हे चित्रच सांगते, त्यामुळे ती कोणत्याही भाषेच्या खेळाडूला कळतात. मात्र ती गोष्टीतल्या विसाव्यासारखी हलकी आहेत, अडवण्यासाठी नाहीत.

उरतो तो मोजमापाचा प्रश्न. कोडे किती अवघड आहे हे सांगायला सगळ्यात नालायक माणूस म्हणजे ते रचणारा, कारण त्याला उत्तर माहीत असते आणि ते विसरता येत नाही. दुसऱ्याला खेळायला बसवून आपण गप्प राहणे, हाच एक मार्ग. गप्प राहणे सोपे नाही. ‘अरे, वर बघ’ हे शब्द ओठांवर येतात, आणि एकदा निसटले की तो खेळाडू त्या खोलीपुरता वाया जातो. छोट्या कर्त्याकडे कोरे खेळाडू मोजकेच असतात, आणि प्रत्येकजण एका खोलीसाठी एकदाच कोरा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी दहा मित्रांना बोलावण्यापेक्षा दोघांना बोलावून, खोली दुरुस्त करून, मग पुढच्या दोघांना बोलावणे शहाणपणाचे. किती वेळ लागला यापेक्षा तो वेळ कशात गेला हे टिपावे. एकाच चुकीच्या कल्पनेचे वीस प्रयत्न झाले तर ती कल्पना खोलीनेच सुचवलेली असते. व्हॉल्व्हच्या ‘पोर्टल’मध्ये (२००७) एका दालनात पेटी शेवटपर्यंत सोबत न्यावी लागे आणि चाचणीतले खेळाडू ती मागेच विसरत. हिंटची पाटी लावण्याऐवजी कर्त्यांनी पेटीवर हृदय काढले आणि तिच्याबद्दल चार प्रेमळ वाक्ये निवेदनात घातली. मग पेटी कोणी विसरेना. खेळातली सर्वांत लाडकी वस्तू तीच झाली.

काही वेळा चाचणी उशिरा सांगते की दोष एका खोलीचा नाही, आख्ख्या चढणीचा आहे. नौमेनन गेम्सच्या ‘स्नेकबर्ड’चे (२०१५) तसे झाले. गुबगुबीत रंगीत पक्षी, फळे, इंद्रधनुष्य असा लहान मुलांच्या पुस्तकासारखा थाट, आणि आत इतकी कठीण कोडी की खेळ त्याच कठीणपणासाठी प्रसिद्ध झाला. फळ खाल्ले की पक्षी लांबतो आणि आधार सुटला की खाली पडतो, एवढेच नियम. हाताचा अवघडपणा जवळजवळ नाही, नियम लपलेला नाही, सगळी खोली एका नजरेत दिसते. म्हणजे उरलेला सगळा अवघडपणा तिसऱ्या, हक्काच्या जातीचा, आणि तरीही बाहेरून येणाऱ्याला पहिली पायरीच छातीएवढी. कर्त्यांनी त्यात हिंट भरत बसण्याऐवजी २०१९ मध्ये ‘स्नेकबर्ड प्रायमर’ हा वेगळा खेळ काढला: तेच पक्षी, तेच नियम, आणि नवख्यांसाठी पुन्हा पहिल्यापासून रचलेल्या सोप्या लेव्हल.